रिकाम्या यादीतला पहिला

मी त्या लॅबमध्ये पोचले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि तीस-पस्तीस माणसं उपाशीपोटी बाकांवर बसली होती. साखर तपासायची तर काही न खाता यावं लागतं. काही जण सात वाजल्यापासून आलेले होते. काउंटरवरचा कॉम्प्युटर नीट चालत होता, पण त्यावरचा आमचा प्रोग्राम उघडला की दोन सेकंदांत बंद पडत होता. प्रोग्राम नाही म्हणून पेशंटचा नंबर नाही, नंबर नाही म्हणून नळीवर चिकटवायची पट्टी नाही, आणि पट्टीशिवाय रक्त घ्यायचं नाही असा लॅबचा नियम. एक म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तिची सून तिला पदरानं वारा घालत होती.

"तुमीच का कॉम्प्युटरवाल्या?" सुनेनं विचारलं.

मी मान हलवली.

"लवकर करा की मग. आत्याबाईंना चक्कर यायलीय."

बिघाड सापडायला मला वीस मिनिटं लागली. लॅबमधल्या टेक्निशियन ताईंनी नेहमीप्रमाणे सकाळी तपासणीच्या मशीनमधला जुन्या निकालांचा साठा पुसला होता. त्यानंतर मशीननं आमच्या प्रोग्रामकडं निकालांची यादी पाठवली. त्या यादीत काहीच नव्हतं, कारण अजून कुणाचं रक्तच तपासलेलं नव्हतं. आमचा प्रोग्राम ती रिकामी यादी घ्यायचा, तिच्यातला पहिला निकाल मागायचा आणि मरून पडायचा. पुन्हा सुरू केला की पुन्हा तीच यादी, पुन्हा तेच मरण. मी ती यादी हातानं काढून टाकली, प्रोग्राम चालू झाला, रांग पुढं सरकली. म्हातारीचा नंबर त्या टेक्निशियन ताईंनी कुणाला न विचारता पहिला लावला.

पहिला निकाल मागणारी ती ओळ मीच लिहिली होती, आदल्याच दिवशी बसवलेल्या नव्या आवृत्तीत.

मी तेव्हा सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका छोट्या कंपनीत होते. चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला, आम्ही सहा जण, लॅबसाठीचे प्रोग्राम हेच मुख्य काम. ते आम्ही ज्या भाषेत लिहायचो तिला फंक्शनल भाषा म्हणतात. तिच्यात सगळं काम फंक्शनं करतात. फंक्शन म्हणजे एक छोटं यंत्र समजा: एका बाजूनं काहीतरी घालायचं, दुसऱ्या बाजूनं उत्तर घ्यायचं. यादी दिली की तिची लांबी सांगणारं एक, यादी उलटी करणारं एक, यादीतला पहिला काढून देणारं एक. प्रत्येक फंक्शनच्या माथ्यावर लिहिलेलं असतं की ते काय घेतं आणि काय देतं, आणि त्या लिहिण्यावर विश्वास ठेवता येतो हाच या भाषेचा अभिमान. नेहमी लागणारी अशी शेकडो फंक्शनं भाषेबरोबरच तयार मिळतात. त्यांना मिळून स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. भाषा वापरणारा प्रत्येक जण डोळे झाकून ती वापरतो, मीही वापरत होते.

त्यातल्या ‘पहिला दे’ या फंक्शनच्या माथ्यावर लिहिलं होतं, यादी द्या, पहिला घटक देतो. यादी रिकामी असेल तर काय, याबद्दल एक शब्द नव्हता. मला ते माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच माहीत असतं. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतात, की बाबा, इथं जपून. मी सात वर्षं जपून होते आणि एके ठिकाणी विसरले.

ऑफिसात परतले तर सर वाट बघत होते. लॅबच्या मालकांचा त्यांना फोन येऊन गेला होता. मालकांना लेखी खुलासा पाहिजे होता.

"ऑपरेटरनं चुकीच्या वेळी मशीन रिसेट केलं, असं लिही," सर म्हणाले.

"ऑपरेटरची चूक नाही सर. त्या रोज सकाळी तेच करतात. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात तसंच करायला सांगितलंय."

"हे बघ, कुणाची तरी लिहावी लागणार. आपली लिहिली तर उद्या बाकीच्या लॅब विचारतील."

"त्यांना काढतील त्या बाईंना."

"ते त्यांचं ते बघतील."

मी खुर्चीत बसून मेल लिहिला. चूक आमच्या प्रोग्रामची आहे, ती ओळ मी लिहिली आहे, आपल्या कर्मचाऱ्यांनी नियमाप्रमाणेच काम केलं आहे. मराठीत लिहिला, म्हणजे मालकांना कुणाकडून समजून घ्यायला नको. सरांना त्याची प्रत ठेवली आणि पाठवला. नंतर उठून त्यांच्या टेबलाशी गेले आणि सांगितलं की पाठवलाय. त्यांनी मेल उघडून वाचला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मला फोनवर बसवलं. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड आठवत नाही, स्क्रीनवरची अक्षरं बारीक झाली, असले फोन. माझा प्रोग्राम माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडं दिला. तो जवळच्या कुंभारी गावाहून यायचा, हुशार होता, माझ्याबद्दल त्याला वाईटही वाटत होतं. सरांनी त्याला एकच सांगितलं होतं, त्या ओळीच्या आधी यादी रिकामी आहे का बघणारी तपासणी घाल आणि विषय संपव. त्यानं घातली. मी त्याला म्हटलं, "एकाच ओळीला घातलीस. असल्या ओळी किती आहेत बघ की." त्यानं शोधलं. पन्नासच्या वर निघाल्या. त्यातल्या निम्म्या त्यानं स्वतः लिहिलेल्या होत्या.

"प्रत्येक ठिकाणी लक्षात ठेवायचं, दुसरं काय," तो म्हणाला.

"माणसाच्या लक्षात राहत नाही हे तर आत्ता दिसलं. माझ्या राहिलं नाही. मग अवजारच असं पाहिजे, की विसरताच येणार नाही."

"अवजार भाषेबरोबर आलंय मॅडम. अख्खं जग वापरतंय. आपण सात रस्त्यावर बसून जगाला शिकवायचं का?"

"जगाला शिकवत नाही. मी वापरणार नाही, एवढंच."

बोलताना मला ते एवढंच वाटलं होतं. त्या आठवड्यापासून मी पहाटे साडेपाचला उठायला लागले. आई आमच्या गल्लीत किराणा दुकान चालवते, ती आठला दुकान उघडते आणि त्याआधी घर शांत असतं. स्वयंपाकघरात फरशी थंड असते म्हणून तिथंच पाट टाकून, भिंतीला पाठ लावून, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी माझी स्टँडर्ड लायब्ररी लिहायला घेतली. भाषा तीच, पण तिच्याबरोबर आलेली अवजारांची पेटी बाजूला ठेवून दुसरी पेटी, शून्यापासून.

सगळ्यात आधी ‘पहिला दे’ काढून टाकलं. त्याच्या जागी जे आलं त्याच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलं, की उत्तर दोनपैकी एक असेल: मिळाला, किंवा नाही मिळाला. वापरणाऱ्यानं दोन्हींचं काय करायचं ते लिहिलं नाही, तर प्रोग्राम तयारच होत नाही. लॅबमध्ये जाऊन मरण्याऐवजी तो माझ्या स्वयंपाकघरातच अडून बसतो. मग ‘शेवटचा दे’, मग ‘सगळ्यात मोठा दे’, मग मजकुराचा आकडा करणारं फंक्शन. एकेक उघडून बघावं तर प्रत्येकाच्या पोटात हीच खोड. मजकुराकडं आले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या लायब्ररीला ‘सोलापूर’ या शब्दाची अक्षरं मोजायला सांगितली तर ती सात म्हणायची. काना, मात्रा, उकार वेगळे मोजायची. शब्द उलटा करायला सांगितला तर सगळे उकार-काने भलत्याच अक्षरांवर जाऊन बसायचे. हे वर्षानुवर्षं चाललेलं होतं आणि मी, घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारी बाई, ते मुकाट चालवून घेत होते. माझ्या लायब्ररीत सोलापूर चार अक्षरांचं केलं. त्याला तीन आठवडे लागले.

सात महिन्यांनी लायब्ररी मांडण्यासारखी झाली. ती मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली आणि त्या भाषेच्या लोकांची जिथं चर्चा चालते तिथं एक टिपण टाकलं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मूळ लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी एका जुन्या माणसाचं उत्तर आलं. तो कुठल्या देशातला ते मला माहीत नाही. त्यानं सभ्य शब्दांत लिहिलं होतं, की नवशिक्यांना दर काही वर्षांनी पाया उकरून बघावासा वाटतो, त्यानं भाषा वापरणाऱ्यांत फूट पडते, आणि अनुभवी प्रोग्रामरला या फंक्शनांचा त्रास होत नाही.

माझे कान तापले. फोनवर एक गृहस्थ प्रिंटरबद्दल बोलत होते, त्यांना काय सांगितलं आठवत नाही. संध्याकाळी घरी येऊन मी उत्तर लिहिलं. सात वर्षं ही भाषा वापरते, नवशिकी नाही. आमच्या गावात तीस-पस्तीस माणसं उपाशी ताटकळली ती अनुभवी प्रोग्रामरच्याच ओळीमुळं. तुमच्या फंक्शननं माथ्यावर जे लिहिलंय ते खरं नाही, आणि हे तुम्हालाही माहीत आहे. फूट पडत असेल तर पडू दे. त्या माणसानं पुन्हा उत्तर दिलं नाही. इतर चौघांनी मात्र लायब्ररी उतरवून घेतली आणि त्यातल्या एकीनं लिहिलं, की माझ्याकडंही असंच झालं होतं, फक्त मी ते कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर सरांनी मला बोलावलं. शेजारच्याला काम आवरत नव्हतं, दोन लॅबमध्ये पुन्हा प्रोग्राम पडला होता.

"झालं गेलं सोड," ते म्हणाले. "पुन्हा प्रोग्रामवर ये."

"येते सर. पण माझी लायब्ररी वापरून लिहीन. सगळ्या ओळी बदलायला दीड महिना लागेल."

"क्लायंटच्या कामात तुझे प्रयोग नकोत."

"आत्ता चाललाय तो प्रयोगच आहे सर. पेशंटवर."

ते हसले. मला वाटतं त्यांना ते खरंच विनोदी वाटलं. ते वाईट माणूस नव्हते, माझ्या वडिलांच्या दहाव्याला आले होते. पण त्यांना तपासणी घालून विषय संपवायचा होता आणि मला तो संपवायचा नव्हता. मी महिन्याभराची नोटीस दिली.

घरी सांगितलं तेव्हा आई दुकानात तूरडाळ निवडत होती. तिला लायब्ररी, फंक्शन यातलं काही कळत नाही. तिनं विचारलं, "त्यांनी काढलं का तू सोडलीस?"

"मी सोडली. मला नको ते करायला लावत होते."

ती सुपातल्या डाळीकडं बघत कन्नडमध्ये म्हणाली, "ब्याड अंदर ब्याड." नको म्हणजे नको. मग म्हणाली, की शेजारणींना काय सांगायचं ते ती बघून घेईल, मी त्यात पडू नये. शेजारणींना तिनं काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही, पण मला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतरचे सहा महिने कठीण होते. मी घरून कामं घ्यायला लागले. एका शीतगृहासाठी, एका रोपवाटिकेसाठी, मग शहरातल्याच एका दवाखान्यासाठी. सगळं माझ्या लायब्ररीवर लिहिलं. कुणी विचारलं की नेहमीची का नाही वापरत, तर मी लॅबची गोष्ट सांगायचे. दोघांनी ती ऐकून काम दिलं नाही. तीही त्यांची मर्जी.

याच काळात मी लायब्ररीची माहितीपुस्तिका मराठीत लिहिली. इंग्रजी होतीच, पण प्रत्येक फंक्शनचं एक पान मराठीत, उदाहरणांसकट. कुंभारीचा माझा मित्र घरी आला होता, तो पानं चाळून म्हणाला, "मॅडम, प्रोग्रामिंग करणाऱ्याला इंग्रजी येतंच. हे वाचणार कोण?"

"नाही वाचलं तर नाही वाचलं," मी म्हटलं. "मी माझ्या भाषेत लिहिणार."

वर्षभर खरंच कुणी वाचलं नाही. मग एक दिवस मराठीत मेल आला. कुर्डुवाडीहून. लिहिणारा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता, वय पन्नाशीचं, प्रोग्रामिंग घरी बसून आपलं आपण शिकलेला. इंग्रजी पुस्तकं वाचताना दमतो, तुमची पुस्तिका सापडली, सगळी वाचली, असं लिहिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी मेल आईला वाचून दाखवायला घेतला. शेवटी एक ओळ होती: "एक ठिकाणी तुमची चूक आहे. समक्ष येऊन सांगतो."

तो पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं आला. सडसडीत माणूस, हातात वही. आईनं पोहे केले, त्यानं ते आधी शांतपणे संपवले आणि मग वही उघडली.

"मॅडम, तुमचं सरासरीचं फंक्शन खोटं बोलतंय की."

"कसं?"

"यादी रिकामी दिली तर ते काय देतंय?"

मला लगेच आठवलं. तिथं मी शून्य ठेवलं होतं. सुरुवातीला तिथंही ‘मिळालं किंवा नाही मिळालं’ असंच होतं. मग लायब्ररी वापरणाऱ्या दोघा-तिघांनी तक्रार केली, की साध्या सरासरीला एवढं कशाला, शून्य द्या की. तेव्हा माझ्याकडं मोजकेच लोक होते आणि ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं. मी शून्य दिलं.

"शून्य देतं," मी म्हटलं. "प्रोग्राम पडत तर नाही ना."

"पडला असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. त्यानं वही माझ्याकडं फिरवली. पेन्सिलीनं चाकाचं आणि बेअरिंगचं चित्र काढलं होतं. "हे मी घरी हौसेनं करून बघत होतो, कामावरचं न्हाय. बेअरिंग किती तापलंय ते मोजायचं, दर मिनिटाला सरासरी काढायची. तापलं की इशारा. आता समजा मोजणारी वायरच तुटली. एकबी आकडा आला न्हाय. तुमचं फंक्शन म्हणतंय सरासरी शून्य. माणूस बघतोय, शून्य, म्हंजे गारेगार हाय. आणि बेअरिंग तिकडं लाल झालंय."

मी वही जवळ ओढली.

"तुमी त्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिवलंय, जे न्हाय ते न्हाय म्हणून सांगायचं. मग हितं का न्हाय सांगितलं?"

मी लोकांना खूश ठेवण्यासाठी, असं खरं उत्तर होतं. ते मी त्याला दिलं. सांगताना लाज वाटली. ज्या कारणासाठी सर मला खोटा खुलासा लिहायला सांगत होते, त्याच कारणासाठी मी एक खोटं शून्य लिहिलं होतं, आणि माझं खोटं जास्त वाईट होतं, कारण ते गप्प बसायचं. लॅबमधला प्रोग्राम निदान पडून तरी दाखवत होता. त्या माणसानं माझं म्हणणं ऐकून घेतलं, वही मिटली आणि विचारलं, "मग आता?"

"आता बदलते."

त्याच्यासमोरच बदललं. बदल चार ओळींचा होता. पण त्यामुळं लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाचा प्रोग्राम अडणार होता, जिथं जिथं त्यानं सरासरी काढली असेल तिथं. तोवर वापरणारे बरेच वाढले होते, परदेशातल्या दोन-तीन कंपन्याही होत्या. नवी आवृत्ती सोमवारी सकाळी सोडली आणि दुपारपर्यंत तक्रारींचा ढीग लागला. एकानं लिहिलं, की तुमच्या एका हट्टापायी आमच्या प्रोग्रामच्या चाळीस जागा मोडल्या, निदान जुनं फंक्शन वेगळ्या नावानं तरी ठेवा. मी त्याला लिहिलं, त्या चाळीस जागा आधीपासूनच मोडलेल्या होत्या, फक्त आता दिसल्या. वेगळ्या नावानं काही ठेवणार नाही. दोन कंपन्या सोडून गेल्या. तिसरीनं आठवडाभर काम करून सगळ्या जागा दुरुस्त केल्या आणि लिहिलं, की त्यातल्या तीन ठिकाणी खरंच चुकीची शून्यं पुढं जात होती. कुठं, काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मूळ भाषेच्या लायब्ररीत ‘पहिला दे’ आजही आहे. मध्यंतरी त्या मंडळींनी मला कळवलं, की तुमचं अक्षरं मोजण्याचं काम आम्ही घ्यायला तयार आहोत, मात्र बाकीचा आग्रह सोडून मूळ लायब्ररीत सामील व्हा. अक्षरं मोजण्याचं घ्या, ते खुलंच आहे, मी लिहिलं. आग्रह माझ्याकडंच राहू दे.

कुर्डुवाडीचा तो गृहस्थ आता माझ्याबरोबर लायब्ररी सांभाळतो. आठवड्यातून एकदा आमची फोनवर भांडणं होतात. गेल्या गुरुवारी तारखांवरून झालं. दोन तारखांमधले दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा की नाही, यावर पाऊण तास गेला. मी म्हटलं, जगातल्या बहुतेक लायब्ऱ्या धरत नाहीत.

"मॅडम," तो म्हणाला, "हे तुमी मला सांगताय?"

मी फोन कानाला तसाच धरून लॅपटॉप पुढं ओढला आणि ते फंक्शन उघडलं.